गाडीतल्या कॅमेऱ्याला वीज कुठून मिळते?

(शाखेच्या अभ्यासवर्गात रेल्वे व टपाल कामगारांसमोर चौघा साथींनी मिळून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्ग म्हटला की वेतन आयोग, पेन्शन, रोस्टर, बदल्या हे विषय ठरलेले असतात. आजचा विषय फळ्यावर वाचून काही साथींना हसू आले, ते आम्ही पाहिले. मोटारीच्या पुढच्या काचेला लावतात त्या कॅमेऱ्याला, ज्याला सगळे डॅशकॅम म्हणतात, वीज कशी मिळते, हा काय संघटनेचा विषय झाला? आमचे म्हणणे असे की झाला. कसा झाला, ते आधी सांगतो.

हे भाषण एकट्याचे नाही. आम्ही चौघांनी मिळून ते तयार केले आहे. दोघे रेल्वेच्या ट्रेन लाइटिंगमधले, म्हणजे डब्यांखालच्या बॅटऱ्यांत उभे आयुष्य घातलेले. एक आरएमएसमधला सॉर्टर. चौथा मेल मोटरचा निवृत्त ड्रायव्हर. विषय निघाला तो या चौथ्याच्या घरातून.

निवृत्तीनंतर त्यांनी फंडाच्या पैशातून एक लहान गाडी घेतली आणि पिवळी पाटी लावून मुलाच्या हाती दिली. मुलगा रात्री-अपरात्री स्टेशनची भाडी करतो. बापाने सदतीस वर्षे सरकारी गाडी चालवलेली; रस्त्यावर काही झाले की पहिला हात ड्रायव्हरच्या कॉलरला जातो, हे त्यांना ठाऊक. म्हणून त्यांनी मुलाला कॅमेरा घेऊन दिला. दुकानदाराने अर्ध्या तासात बसवूनही दिला. पुढे लग्नासाठी चार दिवस गावी जाणे झाले. गाडी अंगणात उभी होती. परतायच्या पहाटे एका उतारूला स्टेशनवर सोडायचे ठरले होते. मुलाने किल्ली फिरवली, तर नुसते कट-कट. बॅटरी पार उतरलेली. उतारूची गाडी थोडक्यात चुकायची राहिली, आणि भाडे गेले ते गेलेच.

मुलगा चिडला. त्याने ती वायर काढून टाकली आणि कॅमेरा गाडीतल्या मोबाइल चार्जिंगच्या यूएसबी भोकात खुपसला. महिन्याभराने सिग्नलला उभ्या गाडीला मागून येणारा मोटरसायकलवाला घासून पडला. गर्दी जमली. पोलिस म्हणाले, कॅमेरा आहे ना, दाखवा. कार्ड काढून पाहिले, तर घटनेच्या चार मिनिटे आधीपर्यंतचे चित्र आणि पुढे काहीच नाही. वीज पुरी पडत नसल्याने कॅमेरा मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होत होता, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. चूक नसताना नऊ हजार रुपये देऊन मिटवावे लागले.

कॅमेरा तोच, गाडी तीच. एकदा विजेने गाडी बंद पाडली, एकदा विजेनेच पुरावा बुडवला. आपल्यापैकी कितीतरी जणांची मुले आज टॅक्सी, टेम्पो, मालाच्या गाड्या चालवतात. मेल मोटरचे साथी तर रोज रस्त्यावर असतात. म्हणून हा विषय घेतला.

कायद्याची बाजू

२०२४ च्या जानेवारीच्या पहिल्याच दिवसांत देशभर मालमोटार चालकांनी गाड्या उभ्या केल्या, हे सर्वांना आठवत असेल. महाराष्ट्रात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. कारण होते भारतीय न्याय संहितेचे कलम १०६, पोटकलम २. बेदरकारपणे गाडी चालवून कोणाचा मृत्यू झाला आणि चालक पोलिसांना अथवा दंडाधिकाऱ्याला न कळवता निघून गेला, तर दहा वर्षांपर्यंत कैद व दंड, असे त्यात म्हटले होते. पूर्वीच्या दंड संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला कमाल शिक्षा दोन वर्षे होती. १ जुलै २०२४ रोजी नवी संहिता लागू करताना हे एक पोटकलम बाजूला ठेवले गेले. पण त्याच कलमाचे पहिले पोटकलम, ज्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, ते लागू झाले.

ड्रायव्हरची भीती खरी आहे. जमाव मारतो म्हणून तो पळतो, आणि पळाला म्हणून तो गुन्हेगार ठरतो. अशा वेळी काचेवरचा कॅमेरा हा त्याचा एकच साक्षीदार असतो, जो कोणाच्या बाजूचा नसतो. तुमची चूक असेल तर तो तीही सांगेल. पण हा साक्षीदार वीज असेल तरच जागा राहतो.

बॅटरी आपल्या ओळखीची आहे

ट्रेन लाइटिंगच्या साथींना इथून पुढचे सोपे जाईल. जुन्या धर्तीच्या डब्यात आपण काय पाहत आलो? आसाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर, त्याची वीज सरळ करून ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर, आणि डब्याखाली पेटीत ११० व्होल्टची बॅटरी. गाडी धावली की अल्टरनेटर दिवे-पंखे चालवतो आणि बॅटरी भरतो. गाडी उभी राहिली की बॅटरी भार उचलते. गाडी यार्डात उभी आणि कोणी पंखे चालू सोडून गेले, तर सकाळी काय होते, ते तुम्ही आम्हाला सांगायला नको.

मोटार म्हणजे हाच डबा, लहान आकाराचा. आसाऐवजी इंजिनच्या पट्ट्यावर अल्टरनेटर. ११० ऐवजी १२ व्होल्टची बॅटरी, सहा सेलची. ट्रक-बसला तीच दुप्पट, म्हणजे २४ व्होल्ट. पूर्ण भरलेली शिसे-आम्लाची बॅटरी थोडा वेळ निवांत राहिली की सुमारे १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ म्हणजे साधारण निम्मी. १२.० म्हणजे पाव उरली. ११.८ च्या खाली गेली की इंजिन फिरवायचा भरवसा नाही. इंजिन चालू असताना हाच आकडा बहुधा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान असतो, कारण तेव्हा अल्टरनेटर भरत असतो. खिशात एक साधा मल्टिमीटर असला की ही सगळी गोष्ट डोळ्यांना दिसते.

विजेच्या मोटारीतही ही १२ व्होल्टची बॅटरी असते. मोठ्या बॅटरीतून दाब उतरवून ती भरली जाते. कॅमेरा तिथेही या लहान बॅटरीवरच चालवायचा. नारिंगी रंगाच्या केबलला कोणीही हात लावायचा नाही. तिथला दाब जीवघेणा असतो.

आता कॅमेरा. त्याला १२ व्होल्ट लागत नाहीत. बहुतेक कॅमेरे ५ व्होल्टवर चालतात आणि एक ते दोन अँपियर मागतात. म्हणजे मध्ये दाब उतरवणारी एक डबी हवीच. ती कुठे आहे आणि कोणत्या तारेवर आहे, एवढ्यावरच पुढचे सगळे अवलंबून असते. वाटा पाच आहेत.

पहिली वाट: लायटरचे भोक

जुन्या काळी सिगारेट पेटवायला गाडीत जे भोक दिलेले असे, त्यात खुपसायचा प्लग कॅमेऱ्याबरोबरच येतो. दाब उतरवणारी डबी त्या प्लगच्या पोटातच असते, आणि पुष्कळ प्लगच्या टोकाशी एक बारीक फ्यूजही असतो. वायर तोडायची नाही, जोडायची नाही. नवख्यासाठी हीच वाट बरी.

पण एक गोष्ट तपासून घ्यावी. काही गाड्यांत किल्ली काढली की हे भोक बंद होते. काहींत ते चोवीस तास जिवंत असते. किल्ली काढा, दार लावा, दहा-पंधरा मिनिटे थांबा आणि बाहेरून पाहा, कॅमेऱ्याचा दिवा लागलेला आहे का. लागलेला असेल तर प्रत्येक वेळी प्लग काढण्याची सवय लावून घ्या. दुसरे असे की प्लग खड्ड्यांनी सैल होतो. आपल्या रस्त्यांवर हे रोजचेच आहे. सैल प्लग म्हणजे तुटक वीज, आणि तुटक वीज म्हणजे तुटक फाइल.

दुसरी वाट: यूएसबी भोक

ही सर्वांत सोयीची दिसते आणि सर्वांत जास्त फसवते. गाडीच्या टेपरेकॉर्डरला जोडलेली यूएसबी भोके पुष्कळदा गाणी वाजवण्यासाठी असतात. त्यांतून अर्धा अँपियर वीज मिळाली तरी पुष्कळ. कॅमेऱ्याला दीड हवा असतो. मग तो सुरू होतो, थोडा वेळ चालतो, ताकद संपली की बसतो आणि पुन्हा उठतो. आमच्या साथीच्या मुलाचे नेमके हेच झाले. भोकाशेजारी किती अँपियर मिळतात ते लिहिलेले असेल, आणि तो आकडा कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतल्या आकड्यापेक्षा कमी नसेल, तरच ही वाट धरावी.

तिसरी वाट: फ्यूज पेटीतून पक्की वायर

ज्याला रात्री उभ्या गाडीवरही नजर ठेवायची आहे, त्याला ही वाट घ्यावी लागते. बाजारात यासाठी तीन वायरींचे किट मिळते. बहुतेक किटांत लाल वायर कायम जिवंत असणाऱ्या फ्यूजला, पिवळी वायर किल्ली फिरवल्यावरच जिवंत होणाऱ्या फ्यूजला, आणि काळी वायर गाडीच्या लोखंडी अंगाला, म्हणजे अर्थला जाते. रंग सगळ्या कंपन्यांचे सारखे असतीलच असे नाही, म्हणून पुस्तिका वाचल्याशिवाय हात घालू नये.

तीन वायरी का? पिवळी वायर कॅमेऱ्याला सांगते की गाडी चालू आहे. ती मेली की कॅमेरा समजतो, गाडी उभी राहिली, आता राखणीच्या पद्धतीने काम करायचे. राखण करायला लागणारी वीज लाल वायरीतून येते. आणि किटमधली डबी बॅटरीचा दाब सतत पाहत असते. ठरवलेल्या आकड्याखाली दाब गेला की ती कॅमेऱ्याची वीज तोडते. कमी दाबाला भार तोडण्याची युक्ती आपल्या खात्यातल्या लोकांना नवी नाही; दिवे गेले तरी चालतील, पण बॅटरी मरता कामा नये, हा तिचा अर्थ.

हा आकडा बहुतेक किटांत निवडता येतो. बारा व्होल्टच्या गाडीला ११.६ पासून १२.४ पर्यंत पायऱ्या असतात, ट्रकला त्याच्या दुप्पट. दुकानदार बहुधा सर्वांत खालची पायरी लावून देतो, कारण त्यावर कॅमेरा जास्त वेळ चालतो आणि गिऱ्हाईक खूश होते. पण मघाशी सांगितलेले आकडे आठवा. ११.६ ला बॅटरीत काही उरतच नाही. आमचा सल्ला असा की नव्या बॅटरीला १२.० आणि दोन-तीन वर्षे जुन्या बॅटरीला १२.२ किंवा १२.४ ठेवावे. राखण थोडी कमी होईल, पण सकाळी गाडी सुरू होईल.

आमच्या साथीच्या अंगणात काय झाले होते, ते आता उलगडेल. दुकानदाराने दोनच वायरी जोडल्या होत्या: एक कायम जिवंत फ्यूजला, एक अर्थला. दाब पाहणारी डबी मध्ये नव्हतीच.

चौथी वाट: तपासणीचे भोक

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे एक भोक असते. गॅरेजवाला त्यात यंत्र लावून गाडीचा आजार पाहतो. त्यातली सोळावी पिन थेट बॅटरीला आणि चौथी-पाचवी अर्थला जोडलेली असते. काही कॅमेऱ्यांची वायर या भोकात बसते. फ्यूज पेटी उघडावी लागत नाही, हा फायदा. पण सोळावी पिन चोवीस तास जिवंत असते. म्हणून दाब पाहून तोडणारी सोय त्या वायरीत असेल, तरच ती घ्यावी. शिवाय गाडी गॅरेजला दिली की ते भोक मोकळे करून द्यावे लागते, आणि परत जोडायचे आपणच लक्षात ठेवावे लागते.

पाचवी वाट: वेगळी बॅटरी

गाडीच्या बॅटरीला मुळीच धक्का लागू द्यायचा नसेल, तर सीटखाली वेगळी लिथियम बॅटरी ठेवतात. गाडी चालू असताना ती भरते आणि गाडी उभी असताना कॅमेरा तिच्यावर चालतो. सर्वांत निर्धोक, पण सर्वांत महाग. आपल्या लोकांना ती क्वचितच परवडेल. तरी ज्याची गाडी दिवसचे दिवस स्टेशनच्या आवारात उभी असते, त्याने तिचा विचार करावा.

थोडा हिशेब

हिशेबाशिवाय आपला अभ्यासवर्ग होत नाही. कॅमेरा उभ्या गाडीत सलग चित्रण करताना चार वॅट खातो असे धरू. चार भागिले बारा, म्हणजे सुमारे एक तृतीयांश अँपियर. रात्रीच्या दहा तासांत साडेतीन अँपियर-तासांच्या आत. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असते. म्हणजे एका रात्रीत दहावा हिस्सा. हे चालून जाते.

आता तीन दिवस, म्हणजे बहात्तर तास धरा. चोवीस अँपियर-तास गेले. गाडीचे घड्याळ, कुलूप, अलार्म यांचा बारीक खर्च वेगळा. उरले दहाच्या आसपास. आणि ३५ हा आकडा नव्या बॅटरीचा. तीन उन्हाळे काढलेल्या बॅटरीत वीस-पंचवीसच खरे असतात. म्हणजे चौथ्या दिवशी कट-कट होणार, हे कागदावर आधीच लिहिलेले होते.

कोणी म्हणेल, अर्धा तास गाडी फिरवली की भरेल. शिसे-आम्लाची बॅटरी अशी घाईने भरत नाही, हे डेपोतल्या साथींना ठाऊक आहे. घर ते स्टेशन दोन किलोमीटर एवढ्याच फेऱ्या असतील, तर रात्री गेलेले दिवसा परत येत नाही, आणि तूट साचत जाते. अशा गाडीत सलग चित्रण न करता, धक्का बसला तरच जागा होणारी पद्धत निवडावी. तिला वीज फार कमी लागते.

पिवळ्या पाटीच्या पुष्कळ गाड्यांना नियमाप्रमाणे गाडीची जागा दाखवणारे यंत्र आणि संकटाचे बटण बसवलेले असते. तेही त्याच बॅटरीवर चालते. हिशेबात त्यालाही धरावे.

कॅमेऱ्याच्या पोटात काय आहे

बाहेरची वीज तुटली की कॅमेऱ्याला शेवटची फाइल नीट बंद करायला एक-दोन सेकंद तरी लागतात. जोराच्या धडकेत बॅटरीची वायरच तुटू शकते, म्हणजे नेमक्या हव्या त्या क्षणी वीज जाते. त्या एक-दोन सेकंदांसाठी कॅमेऱ्याच्या पोटात साठा ठेवलेला असतो. तो दोन प्रकारचा असतो: लहान लिथियम बॅटरी, किंवा सुपरकपॅसिटर.

लिथियम बॅटरीने कॅमेरा काढून हातात धरून पाच-दहा मिनिटे चालवता येतो. पण तिला ऊन सोसत नाही. नागपूर, अकोला, भुसावळ इथल्या साथींनी मे महिन्यात दुपारी उभ्या गाडीच्या काचेला हात लावून पाहावा. बाहेर ४५ अंश असेल तर बंद गाडीत काचेजवळ साठ-सत्तरच्या घरात जाते. अशा उष्णतेत लिथियम बॅटरी फुगते, कॅमेऱ्याचे कवच उचकटते, आणि धोकाही असतो. सुपरकपॅसिटर साठवतो थोडेच, पण फाइल बंद करण्यापुरते पुरेसे, आणि ऊन पुष्कळ जास्त सोसतो. म्हणून खोक्यावर बाकी काहीही लिहिलेले असो, विकत घेताना एकच प्रश्न विचारा: आत बॅटरी आहे की कपॅसिटर? आपल्या हवेत कपॅसिटरवालाच घ्यावा.

आणखी एक. आतला साठा पार संपला की काही कॅमेऱ्यांचे घड्याळ चुकते. मग चित्रावर भलतीच तारीख उमटते. पगाराच्या दिवशी पासबुक पाहतो तसे महिन्यातून एकदा कॅमेऱ्याची तारीख-वेळ पाहावी, आणि कार्डावर खरोखर चित्र येते का, हेही पाहावे.

हात घालताना

वायर बसवण्याबाबत काही गोष्टी सांगून ठेवतो.

फ्यूज हा कॅमेरा वाचवण्यासाठी नसतो. वायर जळू नये म्हणून असतो. तो किटमध्ये सांगितलेल्याच आकड्याचा हवा. उडाला म्हणून मोठा घालणे, किंवा चांदीचा कागद गुंडाळणे, म्हणजे आग विकत घेणे.

गाडीची मूळ वायर सोलून, पीळ घालून, टेप गुंडाळू नये. फ्यूजच्या जागी बसणारी दुहेरी फ्यूजची बैठक मिळते, ती वापरावी. मूळ वायर सोलली की वॉरंटीवर पाणी सोडावे लागू शकते. एअरबॅग, ब्रेक आणि इंजिनच्या संगणकाच्या फ्यूजला चुकूनही जोडू नये. वायपर, लायटर, आतला दिवा अशा साध्या कामाच्या फ्यूजवर जोडावे.

अर्थ घेताना रंगावर घेऊ नये. बोल्ट सैल करून, खालचे लोखंड स्वच्छ करून, लगसह आवळावे. निम्म्या तक्रारी सैल अर्थच्या असतात, हे आम्ही डब्यांखाली बसून शिकलो.

काचेच्या बाजूच्या खांबात पडदा एअरबॅग असेल, तर वायर त्याच्या पुढून नेऊ नये. धडकेच्या वेळी तो उघडताना वायर आड येईल. ती मागून न्यावी, आणि जमत नसेल तर जाणकाराकडून करून घ्यावी. कॅमेरा आरशामागे असा लावावा की चालकाची नजर अडणार नाही.

आणि ज्याला मल्टिमीटर कसा धरायचा हे ठाऊक नाही, त्याने लायटरच्या भोकावरच समाधान मानावे. त्यात कमीपणा नाही.

पुरावा म्हणून

चित्र आहे म्हणजे खटला जिंकला, असे नाही. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून निघालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले आणि मालकाने साक्ष दिली तर ठीक. पण नक्कल दाखवायची तर कायद्यातले प्रमाणपत्र हवेच. तेव्हा ते १८७२ च्या पुरावा कायद्यातले कलम ६५ ब होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ६३ आहे. त्यात प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि एक तज्ज्ञाचा.

आपल्यासाठी याचा अर्थ असा: अपघात झाला की आधी जखमीला मदत, मग पोलिसांना खबर. त्यानंतर कॅमेऱ्याची वीज बंद करून कार्ड काढून ठेवावे. कॅमेरा जुन्यावर नवे लिहीत जातो. चालू ठेवून घरी आलात तर हवे तेच पुसले जाईल. कार्ड जपून ठेवावे, पाहायला नक्कल वापरावी. पोलिसांनी कार्ड घेतले तर लेखी पोच मागावी. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेली चित्रफीत हा पुरावा नव्हे.

बटण कोणाच्या हातात

शेवटचा मुद्दा, आणि तो या व्यासपीठाचा आहे. आतापर्यंत बोललो ते स्वतःच्या गाडीबद्दल. खात्याच्या गाडीत लेखी परवानगीशिवाय कोणीही स्वतःचा कॅमेरा जोडू नये. उद्या वायर जळाली तर चार्जशीट तुमच्या नावाने निघेल.

पण खाते स्वतः कॅमेरे बसवते तेव्हा काय? रेल्वेने इंजिनाच्या केबिनमध्ये चालकांचे चित्र व आवाज टिपणारी यंत्रणा बसवायला घेतली आहे. लोको पायलटांच्या संघटनांनी त्यावर हरकत घेतली, कारण रस्त्याकडे, रुळाकडे पाहणारा कॅमेरा वेगळा आणि माणसाकडे पाहणारा वेगळा. पहिला कामगाराचा साक्षीदार होऊ शकतो. दुसरा त्याच्यावरचा पहारेकरी होऊ शकतो. वायर दोघांची सारखीच असते.

म्हणून जिथे खात्याचा कॅमेरा येईल, तिथे शाखेने चार प्रश्न लेखी विचारावेत. चित्र किती दिवस ठेवणार? ते कोण पाहू शकतो? चौकशी निघाली तर कामगाराला त्याची पूर्ण नक्कल मिळणार का? आणि वीज गेली किंवा यंत्र बिघडले म्हणून चित्र नसेल, तर त्याचा दोष कामगारावर टाकणार नाही, असे लिहून देणार का? हा चौथा प्रश्न कोणाला सुचत नाही. पण वीज कशी येते आणि कशी जाते, हे ज्याने एकदा समजून घेतले, त्याला तो पहिल्यांदा सुचतो. आम्ही आज तास-दीड तास तुमचा घेतला तो त्यासाठीच.

आमच्या साथीच्या मुलाच्या गाडीत आता तीन वायरींचे किट आहे, तोडण्याचा आकडा १२.२ वर आहे, आणि अर्थ बापाने स्वतः आवळला आहे. ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी पुढच्या रविवारी ती शाखेच्या कार्यालयापुढे आणावी. मल्टिमीटर आम्ही आणू. एकेकाची बॅटरी, भोक आणि फ्यूज पाहून देऊ. चहा मात्र तुमचा.